स्पीडबोटीची मागची कड

ज्या शहराला समुद्र नाही त्या शहरात स्पीडबोट दुरुस्त करायला घेऊ नये, असं माझ्या बायकोने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. एक तर तिचं ऐकायची मला सवय नाही, आणि दुसरं म्हणजे होडी माझी नव्हती. ती माझ्या मित्राची होती.

मित्र धायरीचा. आम्ही दोघं पिंपरीच्या एका कारखान्यात अठ्ठावीस वर्षं एकत्र काढली. तो फिटर, मी इन्स्पेक्टर. म्हणजे तो काम करायचा आणि मी त्यात खोट काढायचो. दुपारी मात्र डबे एकत्र उघडायचे. कारखान्याने स्वेच्छानिवृत्तीची योजना काढली तेव्हा आम्ही एकाच दिवशी सह्या केल्या. मी बिबवेवाडीच्या फ्लॅटवर येऊन बसलो आणि स्वयंपाकघरात खोट काढायला लागलो. तो धायरीला गेला. धायरी तेव्हा नुकतीच शहरात आली होती, म्हणजे नळाचं पाणी यायच्या आधी बिल्डर आले होते. मित्राच्या घरच्यांनी रस्त्याकडेची जमीन बिल्डरला दिली आणि नव्या इमारतीत तळमजल्यावर एक गाळा स्वतःला ठेवून घेतला. गाळ्याचा ताबा दसऱ्याला मिळणार होता. एक मेडिकलवाला तो भाड्याने मागत होता, मुलं 'देऊन टाका' म्हणत होती, पण मित्राला तिथे फायबरच्या कामाचं वर्कशॉप टाकायचं होतं. कारखान्यातली शेवटची सहा वर्षं त्याने मशीनची फायबरची झाकणं बनवली होती आणि ते काम त्याच्या हातात बसलं होतं.

होडीचं खूळ त्यातूनच निघालं. धरणाच्या बाजूला एका बंद बंगल्याच्या मागे ती ताडपत्रीखाली कित्येक वर्षं पडून होती. सोळा फुटी, फायबरची, शर्यतीसाठी बनवलेली. तरुणपणी म्हशी धुताना त्याने ती पाण्यावर पळताना पाहिली होती. अर्धं पोट पाण्याबाहेर काढून ती गेली आणि तिच्या लाटेने म्हशी बिथरल्या, असं तो सांगायचा. बंगला विकायला निघाला तेव्हा त्याने ही होडी मागून घेतली, ट्रॉलीवर घालून धायरीच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणली आणि मला बोलावून घेतलं.

"पयली ही उडवून दावतो," तो म्हणाला, "मग गाळ्यावर बोर्ड लावतो. लोकं म्हनली पायजेत, ज्यानं ही नीट केली त्यो काय बी नीट करंल. तू फकस्त मोजमापाचं बघ."

मोजमापाचं बघ म्हटल्यावर मी विरघळलो. निवृत्तीनंतर मला कुणी काही मोजायला सांगितलं नव्हतं.

होडीची अवस्था बघण्यासारखी होती. सीटं उंदरांनी खाल्लेली. इंजिन जाम. ज्या मागच्या फळीवर इंजिन लटकतं तिच्यातलं प्लायवूड इतकं कुजलेलं की बोट घातलं तर आत जायचं. मित्राने ती फळी पूर्ण नवी केली, आतले लांब वासे बदलले, तळाचे तडे घासून त्यावर काचेच्या धाग्यांची चटई आणि चिकट रेझिन असे थर दिले. इंजिन मालवणहून आणलं, सेकंडहँड, पण आधीच्यापेक्षा दीडपट ताकदीचं. स्टिअरिंगची तार नवी, इंजिनाखालचा पंखा नवा. मी रोज स्कूटरवर बिबवेवाडीहून धायरीला जायचो, फूटपट्टी, गुण्या आणि फटी मोजायचा फीलर गेज पिशवीत घालून. बायको शेजारणीला सांगायची, "आमचे हे सध्या आरमारात आहेत."

आता माझ्या एका सवयीबद्दल सांगायला हवं. आमच्या कारखान्यात एक कायदा होता. कुठलाही भाग बाहेर जाताना त्याला धारदार कड असता कामा नये. वस्तू हातात आली की कडेवरून बोट फिरवायचं, टोचतंय असं वाटलं की कानस मारून कड मोडायची. अठ्ठावीस वर्षं हेच केल्यावर माझं बोट आपोआप फिरतं. डब्यांची झाकणं, खिडकीची कडी, देवघरातलं ताम्हन, घरातल्या सगळ्या वस्तूंच्या कडा मी गोल केलेल्या आहेत. वैशाखात मित्र एका लग्नाला वेल्ह्याला गेला होता. मी शेडमध्ये एकटाच. होडी पालथी घातलेली, तळ तयार. मागे जिथे तळ संपतो आणि उभी फळी सुरू होते तिथली कड विळीसारखी होती. तळाच्या दोन्ही बाजूंच्या कडाही तशाच. मी कानस काढली, मग पॉलिश पेपर, आणि दुपारभर बसून सगळं गुळगुळीत गोल करून टाकलं. मित्राला सांगितलंही नाही. अंगावरचा दोरा झटकला तर कुणी सांगत बसतं का?

रीतसर परवानगी मिळेपर्यंत पावसाळा उलटत आला. गणपती झाले आणि आम्ही होडी धरणाच्या फुगवट्यावर उतरवली. इंजिन एका दमात सुरू झालं. मित्राने वेग वाढवला, होडीने नाक वर केलं, आणि आता ती पाण्यावर चढणार म्हणून मी श्वास रोखला. ती चढली नाही. नाक धाडकन खाली आलं, पुन्हा वर गेलं, पुन्हा खाली. जितका वेग द्यावा तितकी ती जास्त नाचायची. माझे दात एकमेकांवर आपटत होते. शिवाय पाणी बाजूंवरून चढून वर येत होतं आणि आम्ही दोघं कमरेपर्यंत भिजलो होतो. काठावर कपडे धुणाऱ्या एका बाईने ओरडून विचारलं, "घोडं हाय का होडी?"

मला काहीच कळेना. इंजिन मोठं झालं आणि होडी हळू झाली, हे कुठल्या शास्त्रात बसतं? मागे वजन जास्त झालं असेल म्हणून बॅटरी पुढे नेली. फरक नाही. पेट्रोलची टाकी पुढे नेली, मग नाकात वाळूची पोती टाकली. नाचणं थोडं कमी झालं, पण आता ती म्हशीसारखी पाण्यात बसून चालायला लागली. पोती काढली. पंखा बदलून जुना लावला. इंजिन फळीवर बोल्टच्या एका भोकाने वर घेतलं, मग एका भोकाने खाली. मी वहीत सगळं लिहून ठेवत होतो आणि वही जितकी भरत होती तितका माझा गोंधळ वाढत होता. कारखान्यात खोट सापडली नाही असं कधी झालं नव्हतं. तिथे भाग स्थिर असायचा, टेबलावर ठेवता यायचा. इथे होडी शेडमध्ये अगदी व्यवस्थित दिसायची आणि पाण्यात गेली की बिघडायची. तिथे गेज लावू तरी कुठे? मी झोपेतही वजनं मागेपुढे करत होतो.

माणसाला काही कळेनासं झालं की तो जे येतं तेच करतो. मला खोट काढता येत होती. होडी पुन्हा पालथी घालून मी तळाला सरळपट्टी लावली आणि खाली फीलर गेज सारून पाहिला. एका ठिकाणी अर्धा मिलिमीटर फट निघाली. हाताने थर दिलेल्या सोळा फुटी तळात अर्धा मिलिमीटर म्हणजे काहीच नाही. पण मला काहीतरी सापडायला हवं होतं.

"तळ वाकडा आहे," मी म्हटलं. कारखान्यातल्याच आवाजात.

मित्राने खाली वाकून पाहिलं. पट्टीच्या एका टोकाकडून डोळा लावला, मग दुसऱ्या टोकाकडून. त्याला ते पटलेलं दिसत नव्हतं. तरी तो उठला आणि म्हणाला, "तू म्हंतोस म्हंजी आसंल."

आठवडाभर राबून त्याने मागचा सगळा तळ ग्राइंडरने खरवडला आणि नवे थर दिले. काचेचे कण त्याच्या हातांत घुसून कोपरापर्यंत लाल फोड आले. तळ झाल्यावर मी कडेवरून बोट फिरवलं आणि अर्थातच पुन्हा कानस मारली. होडी पाण्यात गेली आणि पहिल्यासारखीच नाचली. मी पुन्हा पट्टी लावली, मला पुन्हा कुठेतरी फट मिळाली, आणि त्याने पुन्हा ग्राइंडर उचलला. घरी मी हे सांगितलं तेव्हा बायको पोळी लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं."

"ती नाचतेय हीच तर तक्रार आहे," मी म्हटलं आणि जेवायच्या आधीच उठून गेलो. मला तिचा राग आला होता, पण कशाचा ते सांगता आलं नसतं.

दसरा दहा दिवसांवर आला होता. सोमवारी सकाळी मी ओट्याजवळ चहाची वाट बघत उभा होतो. बायको पातेल्यातून दूध ओतत होती. दुधाची धार भांड्यात पडायच्या ऐवजी पातेल्याच्या पोटाला चिकटून मागे वळली आणि ओट्यावर ओघळली.

"हे बघा," ती म्हणाली. "नवं होतं तेव्हा एक थेंब सांडत नव्हता. तुम्ही याची कड गोल केलीत तेव्हापासून रोज ओटा पुसतेय मी. धार सुटतच नाही हो, आतल्या आत वळते."

मी पातेलं तिच्या हातातून घेतलं. त्यात पाणी भरलं आणि ओतलं. पाणी गोल कडेवरून वळून खाली पातेल्याच्या पोटावर आलं. मग फळीवरचं एक जुनं पातेलं काढलं, जे माझ्या कानशीतून कसं कोण जाणे सुटलं होतं. त्याची कड तीक्ष्ण होती. त्यातून पाणी सरळ, स्वच्छ तुटून पडलं. मी दहा वेळा ओतून पाहिलं. बायको ओटा पुसायचं फडकं हातात घेऊन माझ्याकडे बघत होती.

होडीच्या तळाखालून जाणारं पाणी मागच्या कडेला असंच तुटून सुटायला हवं होतं. मी ती कड गोल केल्यामुळे ते सुटत नव्हतं, वळून वर चढत होतं, मागचा भाग खाली ओढत होतं, आणि म्हणून नाक वर जात होतं. बाजूंनी पाणी वर का यायचं तेही आता उघड होतं. तळात कसलीच खोट नव्हती. दोन्ही वेळा खोट मी माझ्या हाताने घातली होती आणि दोन्ही वेळा मित्राला ती भोगायला लावली होती.  चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोरच न्यायाधीश होता.

स्कूटर काढली आणि धायरीला गेलो. सांगायलाच गेलो होतो. शेडमध्ये मित्र तोंडाला फडकं बांधून तळ घासत होता. मला बघून त्याने ग्राइंडर बंद केला आणि म्हणाला, "ये. ह्या टायमाला केसाचाबी फरक न्हाई ठेवनार बघ."

मी पिशवी खुंटीला अडकवली. अठ्ठावीस वर्षांत त्याने माझी एक चूक पाहिली नव्हती, निदान मला तसं वाटत होतं. त्या क्षणी मला एक सोयीचा विचार सुचला. त्याला हा तळ पूर्ण करू द्यावा. या वेळी कानस मारायची नाही. कड तीक्ष्ण राहील, होडी पळेल, आणि आपण तळ सरळ केला म्हणून ती पळाली असं त्याला वाटेल. त्याचा मान राहील, माझाही राहील. यात कुणाचं काय नुकसान आहे? मंगळवारी मी हेच स्वतःला सांगितलं. बुधवारी बँकेत काम आहे म्हणून गेलोच नाही. गुरुवारी गेलो आणि त्याला रेझिन कालवून दिलं. तो कण्हत होता आणि मी रेझिन घट्ट करणाऱ्या हार्डनरचे थेंब मोजत होतो. हे बरोबर चाललंय की चूक, हेही मला धड ठरवता येत नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी तो हातांना खोबरेल तेल चोळत बसला होता. फोड फुटले होते. डावा हात वर करून त्याने तो उलटसुलट करून पाहिला.

"हात पयल्यासारखा ऱ्हायला न्हाई आता," तो म्हणाला. "डोळं सांगत्यात सरळ हाय. तुझी पट्टी सांगती वाकडं हाय. पट्टी काय खोटं बोलनार न्हाई. वय झालं, दुसरं काय."

ते मला ऐकवेना. "वाकडं नव्हतं," मी म्हणालो. "कधीच नव्हतं." आणि मग मी सगळं सांगून टाकलं. लग्नाच्या दिवशीची कानस, नंतरची कानस, पातेलं, दुधाची धार. सांगताना मी त्याच्याकडे बघत नव्हतो, पालथ्या होडीकडे बघत होतो.

त्याने तेलाच्या बाटलीला बूच लावलं. मग त्याने विचारलं, "कवा कळलं तुला ह्ये?"

"आज सकाळी," मी म्हणालो.

तसं का म्हणालो मला माहीत नाही. एवढं मोठं कबूल केल्यावर तेवढंसं का लपवलं, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला.

आणि तो हसायला लागला. इतका हसला की खोकला लागला. "बायकुच्या पातेल्याला बी?" असं तो पुन्हा पुन्हा विचारत होता. शेवटी डोळे पुसून म्हणाला, "ती कानस स्कूटरच्या डिकीत टाक आन डिकीची चावी माझ्याकडं दे." मी खरोखरच चावी दिली. त्याने मागच्या आणि दोन्ही बाजूंच्या कडांना मेण लावलेली पोलादी पट्टी बांधली, रेझिन भरलं, आणि दुसऱ्या दिवशी पट्टी सोडवली तेव्हा तिथे अशी कड होती की माझं बोट तिच्याकडे जाता जाता मी मागे घेतलं.

रविवारी सकाळी होडी पाण्यात घातली. मित्राने वेग दिला, तिने नाक वर केलं, आणि मग नाक हळूच खाली आलं आणि तसंच राहिलं. धडधड थांबली. इंजिनाचा आवाज पातळ झाला आणि पाणी आमच्या दोन्ही बाजूंनी काचेच्या पातळ पात्यांसारखं बाहेर उडत होतं. अंगावर एक थेंब नाही. मित्र ओरडत होता, काय ते ऐकू येत नव्हतं. मीही ओरडत होतो. त्याने मला चाक धरायला दिलं आणि मी, ज्याला स्कूटरशिवाय काही चालवता येत नाही, त्या होडीला मोठं वळण देऊन पुन्हा काठाकडे आणलं. इतका आनंद मला निवृत्तीनंतर झाला नव्हता. त्याआधीही कधी झाला होता का, आठवत नाही.

काठावर बसून आम्ही थर्मासमधला चहा घेतला.  मी म्हटलं, "चला, आता दसऱ्याला बोर्ड. रंग कुठला द्यायचा?"

"बोर्ड कसला?" तो म्हणाला. "गाळा दिला की मेडिकलवाल्याला."

"कधी?"

"बुधवारी. त्यो शेडवरच आला व्हता. मी तळ घाशीत व्हतो, हाताला ह्ये आसं फोड, त्वांडाला फडकं. म्हनलं, आपल्याच्यानं आता हुत न्हाई, घे बाबा. धा वर्साचा कागद केला." तो होडीकडे बघत होता. चेहऱ्यावर तक्रार नव्हती, अजून तो त्या वेगातच होता. "तुला शुक्रवारी कळलं. दोन दिस आधी कळलं आसतं तर नसता दिला. पर जाऊ दे, तुला तरी काय ठावं? आता शब्द दिला म्हंजी दिला."

मी कप खाली ठेवला. सोमवार, असं मला म्हणायचं होतं. 

"का रं, गप झालास?" त्याने विचारलं.

"कानात पाणी गेलंय," मी म्हणालो.

त्या दिवशी आमच्या अंगावर पाण्याचा एक थेंबही उडाला नव्हता. पण त्याला ते खरं वाटलं. तो उठला, माझी मान एका बाजूला तिरकी धरली आणि त्याच बाजूच्या पायावर उड्या मारायला सांगितल्या, म्हणजे पाणी निघतं. मी उड्या मारल्या. "निघालं का?" तो विचारत होता. मी नाही म्हणालो आणि उड्या मारत राहिलो.